माणूस नव्हे

मेलेल्याचं नाव तोंडाने घेऊ नये म्हणतात,
म्हणून मी ते घरूनच कागदावर लिहून आणलं होतं.
मंदलगोवीच्या नोंदणी कचेरीतली पोरगी
कागदाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.
हुनबिश.
हुन म्हणजे माणूस. बिश म्हणजे नव्हे.
"असं नाव आता कुणी ठेवत नाही, आजी.
आमच्या यादीत हे शेवटचंच."
आणि रकान्यात शिक्का उमटवायला तिने हात उचलला.

त्याच्या आधी दोन मुलगे गेले होते.
एक नाव ठेवायच्या आत, एक नाव ठेवल्याच्या सातव्या रात्री.
दोष नावावर आला. कुणावर तरी यायचाच.
तिसऱ्याच्या वेळी बाप गेरच्या दाराबाहेर उभा राहिला
आणि अंधाराला ऐकू जाईल अशा बेताने ओरडला,
"दुलमा, काय झालं गं आत?"
मला पढवून ठेवलं होतं.
"काही नाही, बाबा. माणूस नव्हे."
सहा वर्षांची होते मी.
खोटं बोलायला तेव्हापासून येतं मला.

रात्री त्याला बाहेर न्यायचं झालं
तर आई कढईच्या बुडाची काजळी बोटावर घ्यायची
आणि कपाळावर तीट ओढायची, नाकापर्यंत.
ससा आहे हा. ससाच आहे. जा पुढे.

ते पुढे गेले.

शाळेच्या वसतिगृहात सकाळची हजेरी:
"माणूस नव्हे?"
"हजर!"
पोरं रोज हसायची, रोज नव्याने.
लष्करात सुभेदाराने विचारलं, मग काय, उंट?
आणि खरोखरच उंटांच्या तबेल्यावर धाडलं.
बायको मात्र शेपूट कापून हाक मारायची.
दिवा मालवल्यावर, अगदी हळू: हुन.
पातळ पडद्यापलीकडून मी ऐकलंय,
आणि तो गप्प बसायचा, पकडला गेल्यासारखा.

आता जे कुणी विचारत नाही ते सांगते.
आम्हाला एक बहीणही होती. मधली. सारनगेरेल.
चंद्राचा उजेड.
बापाला त्या नावाचा भारी सोस. मेंढ्या वळवताना
टेकडीवरून लांबलचक हाक द्यायचा,
सारनगेरेऽऽल, आणि खालचं सगळं माळरान ते ऐकायचं.
भाऊ दोन वर्षांचा असताना मोठा झुद पडला,
गुरं उभ्या उभ्या गोठली.
ती चार दिवस खोकली.
डॉक्टरांची जीप तीन दिवसांच्या वाटेवर बर्फात रुतली होती.
एवढंच झालं. मी चाळीस वर्षं दवाखान्यात काढलीत,
न्यूमोनिया मला कळतो.

त्याला नाही कळला.
म्हणजे कळायचा, पण रात्री नाही.
कुणीतरी त्याला दहा-बारा वर्षांचा असताना सांगितलं होतं
की दारावरून मोकळ्या हाताने कुणी परत जात नसतं.

मग त्याने जन्मभर कशाला चांगलं म्हटलं नाही.
सगळ्यात वेगवान घोडा, त्याचं नाव लंगड्या.
मुलींना हाका: ए नकटे, ए काळे.
थोरली बक्षीस घेऊन घरी आली तेव्हा म्हणाला,
"बरं आहे. चहात मीठ कमी पडलंय."
आणि बाहेर जाऊन खोगिराचा पट्टा
उगाच सोडत बसला, पुन्हा बांधत बसला.

शरदात इस्पितळाच्या व्हरांड्यात
नर्स कागद धरून आली, मोठ्याने वाचलं,
"हुनबिश कोण?"
मी तिला गप्प करणार होते.
एकसष्ट वर्षं चुकवलं होतं आम्ही त्यांना,
आणि ही बया भर दुपारी नाव पुकारते.
पण त्याने हात वर केला.
शाळेतल्यासारखा, कोपरातून सरळ.

शिक्का बसला. पोरगीने शाई फुंकून वाळवली.
तिला राहवेना.
"माणूस नव्हे, तर मग कोण होते ते?"

"ससा," मी म्हणाले.